दगडाभोवती दहा फूट

भिवंडी बघायला कोणी येत नाही. इथे येतात ते माल उतरवायला, नाहीतर माल भरायला. उरलेले ट्रॅफिकमध्ये अडकतात आणि काचेतून नाइलाजाने जे दिसेल ते बघतात. त्यामुळे नाशिकच्या एका अभ्यास मंडळाचं पत्र आलं, की आमचे अकरा सभासद तीन दिवस ‘ऐतिहासिक भिवंडी’ पाहायला येत आहेत, तेव्हा ते मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “त्यांचे गावात बघासारखा काय न्हाय काय?”

मी चांगदेव मास्तर, राहणार वळ. एकतीस वर्षं शाळेत पोरांना इतिहास शिकवला आणि त्याच एकतीस वर्षांत गावाचा भूगोल बदलताना पाहिला. माझ्या वर्गात बसून ज्यांनी खिडकीतून भाताची शेतं पाहिली, त्यांच्या पोरांनी त्याच खिडकीतून पत्र्याची भिंत पाहिली. गावात आता शेत म्हणतात ते सात-बारावर. जमिनीवर गोदामांचे गाळेच गाळे. त्यातले सहा माझ्या धाकट्या भावाचे, केसरीनाथचे. सातवा व्हायचा होता, आणि तो जिथे व्हायचा होता तिथे माझा दगड होता.

माझा म्हणायचं एवढंच, की दुसरं कोणी त्याला आपला म्हणत नव्हतं. पुरुषभर उंचीचा, अर्धा जमिनीत. वर चंद्र-सूर्य, मध्ये अकरा ओळींचा लेख आणि खाली एक गाढव आणि एक बाई. अशा दगडाला गधेगाळ म्हणतात. कुणा जुन्या राजाने जमीन दान दिली, की असा दगड रोवायचा. दान कोणी मोडलं तर मोडणाऱ्याच्या आईची काय गत होईल, ते खाली चित्रात दाखवायचं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून. या बाबतीत राजे लोक फार स्पष्टवक्ते होते.

आईला सगळा गाव आक्का म्हणतो, आम्हीही. आक्का लग्न होऊन आली तेव्हापासून त्या दगडाच्या बाजूने जाताना तोंड फिरवते. माझ्या आजीने तर खालच्या भागाला गोणपाट बांधून टाकलं होतं आणि वरच्या चंद्र-सूर्याला हळदकुंकू वाहायची. गोणपाट कुजलं की नवं बांधायचं, असा आमच्या घराचा रिवाज. मी शिक्षक झालो आणि पहिल्यांदा ते गोणपाट सोडलं, तर आक्का चार दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

तो लेख मला पुरा कधीच वाचता आला नाही. अकरा ओळींतले तीन शब्द लागले होते. ‘श्री’, ‘शक’ आणि पाचव्या ओळीत ‘ग्रामे’. या ‘ग्रामे’च्या आधी चार अक्षरं होती. म्हणजे आमच्या गावाचं नाव. हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसाला कुठला म्हणून विचारलं, तर तो जे उत्तर देत असेल, ते नाव. एकतीस वर्षं मी त्या चार अक्षरांवर बोट फिरवलं. पीठ भरून पाहिलं, ओला कागद दाबून पाहिला. पत्रं पाठवली. मला ते नाव हवं होतं. मरायच्या आधी हवं होतं, आणि यात मला लपवण्यासारखं काही वाटत नाही.

केसरीनाथ वाईट माणूस नाही, हे सांगायला हवं, कारण त्यामुळेच माझी पंचाईत झाली. वाईट असता तर मी कोर्टात गेलो असतो. शाप लागो म्हणावं, तर त्याची आई तीच माझी आई. पत्र आलं त्या दिवशी त्याने आक्कासमोर मला शब्द दिला. “दादूस, तुजे सायबांनी लिवून दिला का दगर महत्त्वाचा हाय, तर मी दगराचे चारी बाजूला दहा फूट जागा सोरतो. गाला वाकरा बांधीन. पन त्यांनी लिवला न्हाय, तर सोमवारी जेसीबी येल. मग तू तोंड वाकरा करायचा न्हाय.”

मी कबूल झालो. लिहून देणारे होते डॉक्टर आपटीकर, मंडळाचे अध्यक्ष. जुनी अक्षरं वाचण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असं त्यांनीच त्यांच्या पत्रात लिहिलं होतं.

कार्यक्रम मी आखला. शुक्रवारी जुनं बंदर आणि खाडी, शनिवारी लोनाडची लेणी, रविवारी दगड. शेवटी ठेवला, कारण चांगलं ते शेवटी, ही माझी मास्तरकी. शिवाय दोन गाळ्यांच्या फटीतून सकाळी साडेसात ते आठ या वेळात तिरपं ऊन येतं, आणि त्याच अर्ध्या तासात अक्षरं उठून दिसतात. रविवारी सकाळी पाहुणे ताजेतवाने असतील, असा माझा हिशोब. माणसाने आयुष्यभर इतिहास शिकवावा आणि आपल्याच गावच्या लोकांना ओळखू नये, हे माझं झालं.

शुक्रवारी पाहुण्यांची बस आली आणि खाडी दाखवायला मी तिला कशेळीकडे घेतली. तिथे बस जी थांबली ती पावणेतीन तास थांबली. मी उभा राहून अरबस्तानातून येणाऱ्या गलबतांबद्दल बोलत होतो आणि पाहुणे कंटेनरच्या मागे लिहिलेलं मोठ्याने वाचत होते. एक बाई वहीत लिहून घेत होत्या. मला वाटलं गलबतांचं लिहितायत. डोकावलो तर ‘बुरी नजर वाले’ लिहिलं होतं. लोकसाहित्य हा त्यांचा विषय होता.

पुलावरून खाडी दिसली, ती अर्धा मिनिट. “किती पुरातन!” डॉक्टर आपटीकर म्हणाले. ते ज्याकडे बघत होते तो गेल्या वर्षी बुडालेला रेतीचा बार्ज होता.

बंदरावर पोचलो तर तिथे मांडव. केसरीनाथने आमच्या नकळत सत्कार ठेवला होता. आता आमच्याकडे सत्कार म्हणजे काय, हे नाशिकच्या माणसाला माहीत असण्याचं कारण नाही. आमच्याकडे माणूस निवडून आला तरी सत्कार, पडला तरी सत्कार, नवी गाडी घेतली तर गाडीचासुद्धा सत्कार. माझ्या पुतण्याने, प्रितेशने, बॅनर छापून घेतला होता. त्यात डॉक्टर आपटीकर पासपोर्टच्या फोटोएवढे आणि प्रितेश गॉगल लावून पुरुषभर. अकरा पाहुण्यांना अकरा शाली, अकरा नारळ. प्रत्येक शाल वेगळा माणूस देणार आणि प्रत्येक माणूस दोन शब्द बोलणार. त्यातल्या एकानेही दोन शब्दांवर भागवलं नाही. बंदर बघायचं होतं ते मांडवाच्या मागे होतं. भाषणं संपली तेव्हा अंधार पडला होता.

मी केसरीनाथला बाजूला घेतलं. “अरे, हे लोक बघायला आलेत. तुझा सत्कार घ्यायला नाही.”

“दादूस, पावने आपले दारात आले. त्यांना शालीबिगार सोरला तर लोक माजे तोंडात शेन घालतील,” तो म्हणाला. आणि हे तो मनापासून म्हणत होता. त्यात डाव नव्हता. डाव असता तर मला ओळखता आला असता.

शनिवारी लोनाड. निघायला अकरा वाजले, कारण रात्रीचं जेवण. जिताडा होता, चिंबोऱ्या होत्या, तांदळाच्या भाकऱ्यांची चळत होती. डॉक्टर आपटीकर शाकाहारी असल्याचं पत्रात लिहिलेलं होतं. पण खाडीचा मासा त्यांनी इतिहासाचं साधन म्हणून तीनदा मागून घेतला.

लेण्यांपाशी माझी जुनी विद्यार्थिनी दीक्षा आमची वाट बघत उभी होती. राहायला टेमघरला, नोकरीला केसरीनाथच्याच गाळ्यात. मालाची नोंद कॉम्प्युटरवर करायचं तिचं काम. आजोबांचा हात धरून लहानपणापासून दर पौर्णिमेला ती त्या लेण्यांत आलेली. तिने सांगायला सुरुवात केली. कुठल्या भिंतीवर काय कोरलंय, पाणी कुठून यायचं, भिक्खू कुठे झोपायचे. सभासद प्रथमच गप्प राहून ऐकत होते. माझा ऊर भरून आला. म्हटलं, आता कुठे इतिहास सुरू झाला.

दहा मिनिटं झाली असतील. खालून ढोल-ताशा. प्रितेश आणि त्याची पोरं मांडव टाकायची परवानगी न मिळाल्यामुळे शाली डोंगरावर घेऊन आली होती. काल ज्यांना बोलायला मिळालं नाही, ते सगळे आले होते. बुद्धाच्या दारात डॉक्टर आपटीकरांना दुसरी शाल आणि प्रितेशच्या मोबाइलसाठी तिसऱ्यांदा तीच शाल. दीक्षाला कोणी शाल दिली नाही. तिला एकाने मोबाइल धरायला दिला.

“सर, उद्याचा तरी नीट होऊ दे,” जाताना ती मला हळूच म्हणाली. “मी ठशाचा कागद आन् शाई घेऊन येते साडेसातला.”

शनिवारची रात्र मी झोपलो नाही. साडेसहाला जाऊन दगडाभोवतीचं गवत काढावं, पाणी मारावं, असं ठरवलं होतं. गेलो तर केसरीनाथ, प्रितेश आणि आक्का तिघंही दगडापाशी आधीच हजर. आक्का खुर्ची टाकून बसली होती. दगडाच्या बाजूने जाताना साठ वर्षं तोंड फिरवणारी बाई दगडाकडे तोंड करून बसली होती.

दगड पिवळा होता. अक्षरं लाल होती. प्रितेशने आदल्या दिवशी आपला बॅनरवाला पेंटर आणून त्याला ऑइलपेंट मारून घेतला होता. “आजोबा, जुनं झालेलं, दिसत नव्हतं,” तो मला म्हणाला. तो मला काका न म्हणता आजोबा म्हणतो, कारण रीलमध्ये ते बरं वाटतं. पेंटर बिचारा प्रामाणिक. जिथे खड्डा दिसला तिथे त्याने लाल भरला. त्यात अक्षरं आली, टवके आले, म्हशींनी अंग घासून पडलेल्या खाचा आल्या. आणि जिथे त्याला अक्षर अपुरं वाटलं, तिथे त्याने स्वतःच्या बुद्धीने पुरं केलं. पाचव्या ओळीत ‘ग्रामे’च्या आधी आता चार नाही, सहा अक्षरं होती. त्यातलं एक इंग्रजीतल्या एससारखं होतं.

खाली तर कमालच होती. गाढवाचे कान छोटे करून त्याला आयाळ काढली होती. बाईला फेटा बांधला होता आणि मिशा काढल्या होत्या. हातात तलवार. गाढवाचा घोडा आणि बाईचा वीर. हजार वर्षांची शिवी पेंटरने दोन डब्यांत धुऊन टाकली होती.

“आपला मूल पुरुस हाय हा,” केसरीनाथ म्हणाला. “घोऱ्यावरचा.”

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण वर्गातसुद्धा मी कधी असा ओरडलो नव्हतो. ओरडता ओरडता माझं लक्ष आक्काकडे गेलं. ती हसत होती. “आता कसा बरा दिसतंय,” ती म्हणाली. “पोरानं घराची लाज झाकली. मेले तरी चालंल आता.” आईच्या अंगावरून साठ वर्षांचं ओझं उतरलं होतं आणि ते उतरवायला माझी चार अक्षरं लागली होती. मी कोणाच्या बाजूने उभं राहायचं ते मला कळेना, म्हणून मी गवत उपटू लागलो.

साडेसातला ऊन आलं. दीक्षा आली आणि कागद घेऊन उभी राहिली. आठला ऊन गेलं. पाहुणे उठले साडेनवाला, न्याहारी करून आले साडेदहाला.

डॉक्टर आपटीकर दगडासमोर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, घातला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांना कळलं होतं. माणूस कितीही जिताडा खाल्लेला असला तरी चाळीस वर्षं ज्या अक्षरांवर घालवली ती अक्षरं ओळखतो. ते खाली वाकले, पाचव्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि त्यांचे ओठ हलले.

“डॉक्टर, गावाचं नाव,” मी म्हणालो. “रंग असला तरी खालून काही लागतंय का?”

“पहिलं अक्षर...” ते म्हणाले.

तेवढ्यात केसरीनाथने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “सायेब, त्या तुमचे पुस्तकांचा काय झाला? रात्री बोलत व्हतात.”

रात्री जेवताना बोलणं झालं होतं, ते मला तेव्हा कळलं. मंडळाचा नाशिकचा हॉल मालकाने रिकामा करायला सांगितला होता. ग्रंथ, पोथ्या, ताम्रपट, मूर्ती, सगळं व्हरांड्यात येऊन पडायची वेळ आली होती. केसरीनाथने पाहुणचारात कधी कमी केली नाही. तो म्हणाला, “माजा सातवा गाला व्हतोय. त्यातली एक बाजू तुमची. महिन्याचा भारा न्हाय, काय न्हाय. पानी येत न्हाय, उंदीर येत न्हाय, चोवीस तास वॉचमन. आमी भिवंडीवाले, माल कसा ठेवावा ते आमाला कोनी शिकवायचा न्हाय.”

डॉक्टर आपटीकरांचं बोट दगडावरून उठलं.

त्यांनी पत्र तिथेच लिहून दिलं, खुर्चीत बसून, खांद्यावरची शाल सावरत. मी ते आजही पाठ म्हणून दाखवू शकतो. ‘सदर शिळा ऐतिहासिकदृष्ट्या अत्यंत महत्त्वाची असून तिचे उघड्यावर राहणे धोक्याचे आहे. स्थानिकांनी आजवर ती श्रद्धेने जपली, हे कौतुकास्पद. तथापि ती तातडीने बंदिस्त जागी हलवून मंडळाच्या ताब्यात द्यावी. वाचन यथावकाश करण्यात येईल.’

केसरीनाथने ते मला वाचायला दिलं. “बघ, दादूस. सायबांनी लिवला महत्त्वाचा हाय. मी काय शब्द मोरला न्हाय. तू म्हनशील तर सोरतो दहा फूट. पन दगरच न्हाय तर कशाचे भोवती सोरू?”

मी डॉक्टरांना विचारलं, “आणि ते पहिलं अक्षर?”

“मास्तर, घाईने केलेलं वाचन म्हणजे शास्त्राशी द्रोह,” ते म्हणाले. “आधी रंग काढू. मग ठसा. मग परिषदेत चर्चा.” बसमध्ये चढताना त्यांनी मला त्यांच्या दोन शालींतली एक देऊ केली. मी घेतली नाही. नंतर कळलं, नाशिकला पोचल्यावर त्यांनी ‘भिवंडी: एक जिवंत इतिहास’ असा लेख लिहिला. त्यात जिताड्यावर दोन परिच्छेद होते.

सोमवारी जेसीबी आला. दगड जेवढा बाहेर होता तेवढाच आत निघाला. आक्काने नारळ फोडला. मी घरात बसून राहिलो. आवाज मात्र सगळा ऐकू आला.

गाळा नऊ महिन्यांत उभा राहिला. मंडळाचा माल दोन ट्रकमधून आला आणि मागच्या बाजूच्या रॅकवर चढला. मी नाशिकला पाच पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, की अध्यक्ष परदेशी परिषदेला गेलेत आणि रंग काढण्यासाठी अनुदानाची वाट पाहत आहोत. मग एका दुपारी मी स्वतःच निघालो. म्हटलं, रंगावरून का होईना, एकदा हात फिरवून येऊ.

गेटवर नवा वॉचमन. “चाचा, गेट पास?”

“माझ्या भावाचा गाळा आहे,” मी म्हणालो.

“सब का भाई का गाला है, चाचा. पास दिखाओ.”

दीक्षाने मला बघितलं आणि टेबलावरून उठून आत घेतलं. आत दिवसाही ट्यूबलाइट. एका बाजूला चपलांची खोकी, एका बाजूला बाळांचे डायपर, आणि टोकाला खालच्या फळीवर तो, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पट्ट्या मारलेला, आडवा. हजार वर्षं उभा होता तो. मला रडू आलं. मी रडलो, दीक्षासमोर, आणि फोर्कलिफ्टवाला पोरगा गाडी थांबवून बघत राहिला.

“सर, पट्ट्या मना कापता येनार न्हाय,” दीक्षा म्हणाली. “माल मंडलाच्या नावावर हाय. त्यांचं पत्र लागंल.”

मी प्लास्टिकवरूनच पाचवी ओळ शोधत होतो. हाताला नुसता गुळगुळीतपणा लागत होता.

ती टेबलापाशी परत गेली. मला काहीतरी द्यावं असं तिला वाटत असावं. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि वर्गात वाचायची तशी खणखणीत आवाजात वाचू लागली. “माल, दगड. नग, एक. वजन, सहाशे चाळीस किलो. नाजूक, न्हाय. कालमर्यादा, लागू न्हाय.” मग ती थांबली. “सर, मूळ ठिकाणाचा रकाना रिकामा हाय. मंडलानं भरलाच न्हाय. तो भरल्याबिगार नोंद पुरी व्हत न्हाय. तुमी सांगता? गावाचं नाव काय टाकू?”

मी तिच्याकडे बघितलं, मग खाली सिमेंटच्या जमिनीकडे. दगड जिथे रोवलेला होता ती जागा आम्ही उभे होतो तिथून चार पावलांवर होती.

“गाळा नंबर सात,” मी म्हणालो.